समुदाय-समर्थित शेती : संकल्पना, कार्यपद्धती आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्ट्यातील उपयोजन

प्रस्तावना

पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण हे गाव दीर्घकाळ दोन गोष्टींसाठी ओळखले जात होते. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढविलेला संग्रामदुर्ग ही पहिली आणि कांदा-बटाट्याचा बाजार ही दुसरी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या गावाची तिसरी ओळख निर्माण झाली व ती पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी ठरली. मोटारी आणि दुचाकी वाहून नेणारे लांबलचक कंटेनर व मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेले टेम्पो आज एकाच रस्त्यावर एकाच कोंडीत उभे असतात. त्या टेम्पोतील भाजी बाजार समितीत जाते, आडत्याच्या गाळ्यावर तिचा लिलाव होतो, तेथून ती किरकोळ विक्रेत्याकडे पोहोचते आणि अखेरीस, पुष्कळदा मूळ शेतापासून दहा-पंधरा किलोमीटरवरच्याच एखाद्या गृहसंकुलात शिजते. पिकविणारा आणि खाणारा यांच्यातील अंतर भौगोलिकदृष्ट्या इतके कमी असूनही त्यांची एकमेकांशी ओळख नसते.

ही ओळख आर्थिक व्यवहारात रूपांतरित करण्याचा एक मार्ग म्हणून जगातील अनेक देशांत ‘कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर’ ही पद्धती रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात तिची संकल्पना व कार्यपद्धती स्पष्ट करून औद्योगिक पट्ट्यातील छोट्या शेतकऱ्याच्या आणि नागरी ग्राहकाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

संकल्पना आणि उगम

एखाद्या शेताच्या हंगामी अथवा वार्षिक खर्चाचा अंदाज बांधावयाचा, तो खर्च ठराविक कुटुंबांमध्ये समप्रमाणात विभागावयाचा, प्रत्येक कुटुंबाने आपला हिस्सा पेरणीपूर्वी अथवा हप्त्यांनी भरावयाचा आणि त्या बदल्यात शेतात प्रत्यक्ष जे पिकेल त्यातील वाटा दर आठवड्यास घ्यावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. येथे ग्राहक किलोच्या हिशेबाने भाजी विकत घेत नाही, तो पिकाचा वाटेकरी होतो. पीक उत्तम आले तर टोपली जड येते. गारपीट झाली, रोग पडला किंवा विहीर आटली तर टोपली हलकी होते आणि पैसे परत मागावयाचे नसतात. ही शेवटची अट काढून टाकली तर उरते ती केवळ घरपोच भाजीविक्री. या दोन व्यवहारांमध्ये होणारी गल्लत पुढील विवेचनात वारंवार लक्षात घ्यावी लागेल.

या चळवळीचे एक मूळ जपानमध्ये सापडते. तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये जपान सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि शेतकरी व शहरी कुटुंबे यांच्यातील थेट बांधिलकीस ‘तेइकेई’ हे नाव मिळाले. या शब्दाचा अर्थ हातमिळवणी किंवा सहकार्य असा आहे. ‘समर्थित’ या शब्दात उपकाराची जी छटा येते ती जपानी संज्ञेत नाही, आणि त्या दृष्टीने मूळ संज्ञाच अधिक नेमकी वाटते. तिची पार्श्वभूमीही ध्यानात घेण्याजोगी आहे. वेगवान औद्योगिकीकरणाच्या काळात मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे मासे खाणारी माणसे पंगू झाली व दगावली. १९७४-७५ मध्ये सावाको आरियोशी या लेखिकेची प्रदूषणावरील लेखमाला ‘असाही शिंबुन’ या वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली आणि अन्नात काय मिसळले जाते याची चर्चा घराघरांत पोहोचली. कारखानदारीने समृद्ध झालेल्या समाजातच, आपले अन्न कोण आणि कोणत्या पाण्यावर पिकवितो हे जाणून घेण्याची निकड उत्पन्न झाली.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हानजीक १९७८ मध्ये, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांत १९८६ मध्ये आणि फ्रान्समध्ये २००१ मध्ये अशा शेतांची सुरुवात झाली. प्रत्येक देशात तपशील बदलला. आगाऊ बांधिलकी आणि जोखमीची वाटणी ही दोन तत्त्वे मात्र कायम राहिली.

मराठी समाजातील पूर्वसंचित

ही कल्पना आपल्याकडे सर्वस्वी परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. दुधाचा रतीब हा आगाऊ बांधिलकीचाच प्रकार होय. गवळी रोज माप घालतो, कुटुंब महिन्याचा हिशेब करते, सणावाराला जास्तीचे दूध आधी सांगून ठेवले जाते. मे महिन्यात वर्षाचा गहू, ज्वारी, आंबेमोहोर भरून ठेवण्याची रीत असलेल्या घरांचा एखादा ठरलेला शेतकरी असे व त्याच्या शिवाराचा हालहवाल त्या घरात ठाऊक असे.

जोखमीच्या वाटणीचे उदाहरण अधिक जुने आहे. बलुतेदारास मिळणारे बलुते खळ्यावरील पिकातून मिळत असल्याने वाईट वर्षी त्याचाही वाटा आटत असे. तथापि या साम्यावरून गावगाड्याचे गुणगान करणे अनैतिहासिक ठरेल. बलुत्याचा वाटा जातीने ठरत होता, त्यात प्रवेश किंवा निर्गमन यांचे स्वातंत्र्य नव्हते आणि तळाच्या समाजघटकांच्या वाट्यास काम अधिक व मोबदला कमी येत होता. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लढा द्यावा लागला तो याच कारणाने. समुदाय-समर्थित शेतीतील बांधिलकी ही स्वेच्छेची व मुदतीची आहे. हंगाम संपताच सभासदास बाहेर पडता येते. हा फरक लहान नाही.

संघटनेच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावयाचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची आणि एकगठ्ठा आलेले धान्य व किराणा सभासदांनीच आपसांत वाटून घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था स्वयंसेवी श्रमावर, विशेषतः गृहिणींच्या श्रमावर, अनेक दशके चालत आली आहे. पुढे मुंबईतच ‘हरीभरी टोकरी’ या उपक्रमाने सेंद्रिय भाजीपाल्यासाठी सभासदांच्या आगाऊ नोंदणीचा मार्ग अवलंबिला. धान्य आठ दिवस थांबू शकते, पालक थांबत नाही. म्हणून भाजीच्या वाटपाला अधिक काटेकोर शिस्त लागते.

हिश्श्याचे गणित

पद्धतीचे मर्म आकड्यांतून अधिक स्पष्ट होते. खालील उदाहरण काल्पनिक आहे. समजा, खेड तालुक्यातील एका शेतकऱ्याने दीड एकर म्हणजे ६० गुंठे क्षेत्र या योजनेसाठी ठेवले आणि ६० कुटुंबे सभासद झाली. बियाणे, शेणखत, मजुरी, वीज, ठिबकची दुरुस्ती, क्रेट, वाहतूक आणि शेतकरी कुटुंबाच्या स्वतःच्या श्रमाचे वेतन मिळून वर्षाचा खर्च ७,२०,००० रुपये धरला, तर प्रत्येक हिस्सा १२,००० रुपयांचा होतो. वर्षातील ४० आठवडे टोपली द्यावयाची असेल तर आठवड्यास ३०० रुपये पडतात. साधारण ५ किलो भाजी मिळाल्यास दर किलोस ६० रुपये होतो. बाजारातील भाव यापेक्षा कधी निम्मा असेल, कधी दुप्पट.

येथे किंमत बाजारभावावरून ठरलेली नाही, शेताच्या अंदाजपत्रकावरून ठरलेली आहे. आपल्या शेती-अर्थव्यवहारात शेतकऱ्याच्या घरच्या माणसांचे श्रम सहसा हिशेबात धरलेच जात नाहीत. येथे ते खर्चाच्या यादीत उघडपणे लिहिले जातात आणि साठ कुटुंबे ती यादी वाचतात. हा या पद्धतीचा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल.

आता अवकाळी पावसाने आठ आठवडे टोपली निम्म्यावर आली असे मानू. म्हणजे चार पूर्ण टोपल्यांचे नुकसान झाले. प्रत्येक सभासदास त्याची झळ १,२०० रुपयांची बसते. हेच नुकसान एकट्या शेतकऱ्यावर पडले असते तर ते ७२,००० रुपयांचे झाले असते, आणि ते भरून काढण्यासाठी त्याने कोणाचे दार ठोठावले असते हे सर्वज्ञात आहे. विपुलतेची जोखीमही अशीच वाटली जाते. कोथिंबिरीची जुडी काढणीच्या मजुरीलाही परवडेनाशी झाली की शेतकरी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवितो. वाटेकरी पद्धतीत ती कोथिंबीर टोपलीत जाते. सभासदाला एका आठवड्यास चार जुड्या आल्या तर तिच्या वड्या कराव्या लागतील, इतकेच.

अर्थात याची दुसरी बाजू आहे. टोपलीत काय यावे हे सभासद ठरवीत नाही. मावळाच्या अंगाने जुलै-ऑगस्टच्या संततधारेत पालेभाजी कुजते. त्या दिवसांत दोडका, कारली, भोपळा, अळू यांवर भागवावे लागते. डिसेंबर-जानेवारीत वांगी, फ्लॉवर, मटार, पावटा, हरभऱ्याची कोवळी भाजी यांची रेलचेल होते. बारा महिने टोमॅटो, बटाटा आणि ढोबळी मिरची मिळण्याची सवय जडलेल्या स्वयंपाकघरास हंगाम पाळणे जड जाते. परदेशांतील अनुभवही असाच आहे की सभासद गळतात ते प्रामुख्याने किमतीमुळे नव्हे तर निवडीचे स्वातंत्र्य नसल्यामुळे किंवा टोपली आणण्याची ठरलेली वेळ सांभाळता न आल्यामुळे. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या नगरीत ही वेळेची अडचण अधिकच बिकट होईल.

औद्योगिक पट्ट्यातील शेती आणि बाजार

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-पिंपरी-चिंचवडची माळराने व मळे कारखान्यांनी व्यापले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका आणि १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, वाकड, पुनावळे, रावेत आदी गावांचा समावेश, असा हा विस्तार झाला. २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांपुढे गेली. महामार्गाच्या उत्तरेस चाकणभोवतीच्या खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे या गावांत हीच प्रक्रिया नव्या शतकात अधिक वेगाने घडली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१५ मध्ये चाकण नगरपरिषद अस्तित्वात आली.

या प्रक्रियेत शेती नाहीशी झाली असे नाही. तिचे तुकडे झाले. संपादनातून उरलेली दहा-वीस गुंठ्यांची पट्टी, शेजारी गोदाम, पलीकडे भाड्याच्या खोल्यांची चाळ, असे दृश्य सर्वत्र आढळते. अशा तुकड्यावर ऊस वा कांदा घेणे परवडत नाही, भाजीपाला मात्र घेता येतो. समुदाय-समर्थित शेती ही मुळातच लहान क्षेत्राची, विविध पिकांची आणि जवळच्या ग्राहकाची पद्धती असल्यामुळे या तुकड्यांना ती सोयीची आहे.

कायद्याची वाटही पूर्वीपेक्षा मोकळी झाली आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, तरी तो निर्णय टिकला. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाचे संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले आणि पुणे व पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत शेतकऱ्यांचे तंबू लागू लागले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या अधूनमधून बंद असताना शेतकरी गटांनी गृहसंकुलांच्या दारात भाजीच्या पिशव्या पोहोचविल्या. त्या वेळी ठरलेल्या रकमेची, निवड न करता घेतलेली पिशवी हजारो कुटुंबांनी स्वीकारली. अनेकांनी नंतर ती सवय सोडली. तरीही असा व्यवहार येथे शक्य आहे एवढे त्यातून सिद्ध झाले.

पाण्याचा प्रश्न मात्र वेगळ्याने मांडला पाहिजे. आळंदीजवळ इंद्रायणीच्या पात्रावर तरंगणारा पांढरा फेस वारंवार दिसला आहे, आणि पवनेची स्थितीही अभिमान बाळगावा अशी नाही. नदीकाठचा शेतकरी रासायनिक खते व कीटकनाशके पूर्णतः टाळील, परंतु पंपाने उचललेल्या पाण्यात काय आहे यावर त्याचा ताबा नसतो. म्हणून सभासद होऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने पहिला प्रश्न खताचा नव्हे तर पाण्याचा विचारावा : पाणी विहिरीचे की नदीचे, आणि त्याची तपासणी शेवटी केव्हा झाली. माती व पाणी परीक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात आरंभीच धरता येतो. २०११ मध्ये सुरू झालेली ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभागी हमी पद्धती, ज्यात शेतकरी गटच परस्परांच्या शेतांची पाहणी करतो, या कामी उपयुक्त आहे. परंतु शेतावर सभासदांची ये-जा असणे हे कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

थेट विक्री आणि भागीदारी

या पट्ट्यास लागूनच, मुळशी तालुक्यातील माणजवळच्या बोडकेवाडीत, ज्ञानेश्वर बोडके यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये अभिनव फार्मर्स क्लब स्थापन झाला. नाबार्डच्या शेतकरी मंडळ कार्यक्रमाचे पाठबळ त्यास लाभले. आरंभ हरितगृहातील फुलशेतीपासून झाला. पुढे परदेशी व देशी भाजीपाला, दूध अशी उत्पादने निवडून, पॅक करून शहरातील घरांपर्यंत थेट नेण्याची व्यवस्था गटाने उभी केली. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान शेजारी उभे राहत असताना अनेक कुटुंबे जमीन विकून मोकळी होत होती. त्याच गावांत एक एकरावर कुटुंब चालते हे या गटाने दाखवून दिले.

तथापि काटेकोर अर्थाने ही समुदाय-समर्थित शेती नव्हे. येथे ग्राहक ठराविक दराने माल घेतो आणि पिकाची जोखीम शेतकरी गट स्वतः, अनेक सभासद शेतकऱ्यांत विभागून, पेलतो. एकाच्या शेतात भेंडी गेली तर दुसऱ्याची भेंडी येते. जोखीम पसरविण्याचा हाही एक शहाणा मार्ग आहे आणि आपल्या परिस्थितीत कदाचित अधिक व्यवहार्य. दोहोंचा मेळ घालून, पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून पिकांचे वेळापत्रक आखावयाचे आणि दीडशे-दोनशे कुटुंबांनी त्या सर्वांचे वाटेकरी व्हावयाचे, अशी रचना एकट्या शेताच्या रचनेपेक्षा टिकाऊ होईल असे वाटते. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेली उत्पादक कंपनी किंवा साधा नोंदणीकृत गट, यांपैकी कोणतेही रूप त्यास देता येईल. करार मात्र लेखी व मराठीत असावा. हप्ते, टोपलीचे आठवडे, बदली होऊन गेलेल्या सभासदाच्या उरलेल्या हिश्श्याचे काय करावयाचे, शेतकरी आजारी पडल्यास काम कोणी पाहावयाचे, ही कलमे त्यात नसतील तर पहिल्या वाईट हंगामातच कटुता येईल.

सभासद कोण होणार

बारा हजार रुपये आगाऊ भरणे वाकड वा मोशीच्या गृहसंकुलातील नोकरदारास अवघड नाही. निगडी-आकुर्डीतील कायम कामगाराच्या कुटुंबास ते हप्त्यांनी जमेल. चाकणच्या खोलीत चौघांत मिळून राहणाऱ्या, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या तरुणास मात्र पुढच्या महिन्यातील नोकरीचीच शाश्वती नसते; त्याला चाळीस आठवड्यांची बांधिलकी घ्यावयास सांगणे ही थट्टा होईल. ज्याच्याकडे जोखीम पेलण्याची ऐपत आहे त्यालाच चांगले अन्न, अशी या पद्धतीची एक टोचणी आहे आणि पाश्चात्त्य देशांतही तिच्यावर हाच आक्षेप घेतला गेला आहे. काही ठिकाणी उत्पन्नानुसार कमी-अधिक रकमेचे हिस्से ठेवून त्यावर उपाय शोधला गेला.

येथे मात्र आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यावर उपाहारगृहाची जबाबदारी टाकली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा १०० कामगारांवर आणली आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले. कारखान्याचे उपाहारगृह हाच सभासद झाला, तर हिस्सा भरण्याची जबाबदारी आस्थापनेवर जाते आणि वाटा कंत्राटी कामगाराच्या ताटात पडतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, मोठ्या प्रमाणावर भाजी घेणारा आणि त्या दिवशी जे येईल ते शिजवू शकणारा असा सभासद शेतकऱ्यासही हवाच असतो. उपाहारगृहाच्या कंत्राटदाराचा विरोध होईल, हे गृहीत धरावे लागेल.

जमिनीचा प्रश्न

न्यू हॅम्पशायरमधील टेम्पल-विल्टन किंवा मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन या शेतांबाबत पुढे न्यासांच्या साहाय्याने जमीन शेतीसाठीच राखून ठेवण्याची व्यवस्था झाली. महाराष्ट्रात हा मार्ग सरळपणे उपलब्ध नाही. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन विकत घेता येत नाही. या तरतुदीमागील हेतू योग्यच आहे. परंतु पुढील दुरुस्तीने प्रामाणिक औद्योगिक वापरासाठी मात्र जमीन घेण्यास सवलत दिली गेली. परिणामी साठ नागरी कुटुंबांना एखादा मळा मळाच राहावा म्हणून एकत्रितपणे तो घेता येत नाही, आणि त्याच मळ्यावर गोदाम बांधणाऱ्यास वाट मोकळी असते. भाडेपट्ट्याचा पर्यायही अवघड आहे, कारण कूळ लागेल या भीतीने जमीनमालक लेखी करार टाळतो आणि तोंडी खंडावर दर वर्षी माणूस बदलतो. शेणखत घालून जमीन सुधारण्यास तीन-चार वर्षे लागतात; अकरा महिन्यांच्या तोंडी बोलीवर ते कोणी करणार नाही.

त्यामुळे या पट्ट्यात समुदाय-समर्थित शेती उभी राहायची तर ती स्वतःची जमीन स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याच्याच आधाराने राहील. त्याच्या साठ गुंठ्यांना दलालाने सांगितलेला भाव आणि साठ कुटुंबांनी मिळून दिलेले वर्षाचे ७,२०,००० रुपये यांची तुलना त्याच्या घरात रोज होत असते. पहिला आकडा फार मोठा आहे, पण तो एकदाच येतो. घरातील थोरला मुलगा कंपनीत हंगामी कामगार म्हणून लागलेला असतो, धाकटा ट्रॅक्टर चालवितो, आणि सातबारावर दोघांचीही नावे असतात.